आजोबांच्या कोल्हापूरला यायचंय, पण पासपोर्ट परदेशी: ओसीआय कार्डाला काय लागतं

माझे धाकटे काका १९६४ साली इंग्लंडला गेले आणि तिकडचेच झाले. त्यांची नात, म्हणजे माझी पुतणी, आता सव्वीस वर्षांची आहे. कोल्हापूर तिनं फोनवरच पाहिलंय. आजोबा ज्या तालमीत घुमायचे ती तालीम बघायची, खासबागेच्या मैदानात एकदा उभं राहायचं आणि घाई न करता दोन-तीन महिने राहायचं, असं तिचं किती वर्षं चाललं होतं. तिनं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा अर्ज भरायला घेतला आणि एका जागी अडली. "काका, आजोबा भारतीय होते याचा कागद मागतायत. तो कुठनं आणू?"

तो कागद तिच्या इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये मिळणार नव्हता. ज्यांची मुलंनातवंडं बाहेर आहेत अशा कोल्हापूरकरांसाठी हे लिहितोय. अर्ज तिकडून होतो, पण पायपीट इथल्या माणसाच्या वाट्याला येते.

आधी कार्ड म्हणजे काय ते थोडक्यात. ओसीआयला लोक दुहेरी नागरिकत्व म्हणतात, ते चूक आहे. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायदा १९५५ मध्ये २००५ साली दुरुस्ती करून आणलेली ही एक नोंदणी आहे. कार्डधारक भारतात आयुष्यभर कितीही वेळा येऊ शकतो, कितीही दिवस राहू शकतो, आणि परदेशी म्हणून नोंदणीसाठी त्याला कुठं जावं लागत नाही. मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही. पूर्वी पीआयओ (पर्सन ऑफ इंडियन ओरिजिन) नावाचं वेगळं कार्ड होतं, ते जानेवारी २०१५ मध्ये यातच विलीन झालं.

कोण पात्र?

तारीख ध्यानात ठेवा: २६ जानेवारी १९५०. त्या दिवशी किंवा त्यानंतर कधीही जो भारताचा नागरिक होता, किंवा त्या दिवशी नागरिक व्हायला पात्र होता, तो आज परदेशी नागरिक असला तरी अर्ज करू शकतो. त्याची मुलं, नातवंडं आणि पतवंडंही पात्र आहेत. म्हणजे धागा पणजोबा-पणजीपर्यंत मागं नेता येतो, आणि तो आईच्या बाजूनं नेला तरी चालतो. अनेकांना वाटतं की वडिलांकडूनच हवं. तसं नाही.

कायद्याच्या याच कलमात आणखी एक ओळ आहे, १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशातल्या लोकांबद्दलची. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधीच्या कागदांवर 'करवीर इलाखा', 'कोल्हापूर संस्थान' असं लिहिलेलं सापडतं, आणि तिकडे वाढलेली पोरं घाबरतात की हा तर वेगळाच देश दिसतोय. घाबरायचं कारण नाही. संविधान लागू झालं तेव्हा कोल्हापूर भारतातच होतं, आणि इथं जन्मून इथंच राहणारा माणूस त्या दिवशी संविधानाच्या ५ व्या कलमानं भारताचा नागरिक झाला. फक्त जुन्या दाखल्यासोबत 'हे ठिकाण आज महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात आहे' अशी ओळ भाषांतरात घालून घ्या.

कोण अपात्र तेही बघा. स्वतः अर्जदार, त्याचे आईवडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कुणीही कधी पाकिस्तान वा बांगलादेशचं नागरिक असेल तर कार्ड मिळत नाही. इथं कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या सिंधी कुटुंबांना हमखास प्रश्न पडतो. वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. ते गेले आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिथं वसली, तेच आजचं गांधीनगर. त्यांच्या पणजोबांचा जन्म सिंधमधला असणारच. पण फाळणीपूर्वी सिंधमध्ये जन्म होणं वेगळं आणि पाकिस्तानचं नागरिक असणं वेगळं. अडसर नागरिकत्वाचा आहे, जन्मगावाचा नाही. मात्र पणजोबा इकडं केव्हा आले आणि इथलेच नागरिक झाले याचे कागद या कुटुंबांनी जास्त काळजीनं लावावेत.

नवरा किंवा बायको परदेशी असेल तर लग्न नोंदवलेलं हवं आणि अर्जाच्या आधी ते सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. घटस्फोट झाला तर जोडीदार म्हणून मिळालेलं कार्ड जातं.

कोल्हापुरात काय शोधायचं

आजोबांचा जुना भारतीय पासपोर्ट असेल तर पुढचं अर्धं वाचू नका. तो सर्वांत भक्कम पुरावा. दुसरा सोपा रस्ता म्हणजे वडिलांनी किंवा आईनं आधी ओसीआय काढायचं. मग पोरांना त्या कार्डाची प्रत आणि स्वतःचा जन्मदाखला एवढंच दाखवावं लागतं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. काकांचा पासपोर्ट घर बदलताना गेला, आणि चुलतभावाला कार्डात रस नव्हता.

आजी-आजोबा हयात असतील आणि अजून भारतीय नागरिक असतील, तर तहसीलमधून मिळणारा 'वय, अधिवास व राष्ट्रीयत्व' दाखला काढा. पोरांच्या कॉलेज प्रवेशासाठी आपण काढतो तोच. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूतून अर्ज होतो. त्यावर राष्ट्रीयत्व स्पष्ट लिहिलेलं असतं, म्हणून तो फार उपयोगी.

माणूस गेलेला असेल तर तीन ठिकाणं. पहिलं, जन्मनोंद. शहरातला जन्म असेल तर भाऊसिंगजी रोडवरची महापालिका. महापालिका झाली १५ डिसेंबर १९७२ ला, पण नगरपालिका १८५४ पासूनची आहे, तेव्हा 'महापालिकेच्या आधीचं आमच्याकडे नाही' असं काउंटरवर ऐकलं तर परत फिरू नका. जन्मवर्ष आणि पेठ सांगून जुन्या रजिस्टरात शोध घ्यायचा अर्ज द्या. खेड्यातला जन्म असेल तर गाव नमुना १४ मधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये बघाव्या लागतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या निमित्तानं ही रजिस्टरं बरीच उघडली गेली, आणि मोडी वाचणारी माणसंही आता सापडतात. संस्थानकाळातले दप्तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहे, पण एका माणसाच्या जन्मासाठी तिथवर जायची वेळ क्वचितच येते.

दुसरं ठिकाण शाळा, आणि माझ्या मते कोल्हापुरात हेच सर्वांत खात्रीचं. शाहू महाराजांनी १९१७ मध्येच संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. घरात जन्माची नोंद झाली नाही असं घडतं, पण पोरगं शाळेत गेलं नाही असं कमी. आमची जन्मनोंद मिळालीच नाही. शाळेत मात्र हेडमास्तरांनी कपाटाच्या तळातून १९४४ सालचं जनरल रजिस्टर काढलं. पाठीचा कणा सुटलेला, कापडात बांधलेलं, आणि प्रत्येक ओळ एकाच हातानं बोरूनं लिहिलेली. काकांचा क्रमांक, बापाचं नाव, जन्मतारीख, 'जन्मस्थान करवीर'. मी फोटो काढून पुतणीला पाठवला. तिनं मराठी वाचता येत नसताना त्यातलं आडनाव ओळखलं.

त्या फोटोचा पुरावा म्हणून उपयोग नाही, हे आधी सांगतो. रजिस्टरावरून शाळा सोडल्याचा दाखला किंवा जनरल रजिस्टरचा उतारा शाळेच्या शिक्क्यासह घ्यायचा. इतक्या जुन्या नोंदीत राष्ट्रीयत्वाचा रकाना कोरा असतो. तो कुणाकडून भरून घेऊ नका. नोंदीत नाही ते दाखल्यात आलं की पुढं संशय येतो. राष्ट्रीयत्वासाठी आम्ही काकांचं ब्रिटिश नागरिकत्वाचं प्रमाणपत्र जोडलं. त्यावर आधीचं राष्ट्रीयत्व भारतीय असं छापलेलं होतं. घरातले जुने कागद चाळताना तिकडच्या लोकांना हे आवर्जून शोधायला सांगा.

तिसरं ठिकाण सिटी सर्व्हे. घराच्या प्रॉपर्टी कार्डावर वारसनोंदी असतात, बापामागे कोणाकोणाची नावं लागली ते त्यात दिसतं. शेत असेल तर सातबारा आणि वारसाचा फेरफार. यानं नागरिकत्व सिद्ध होत नाही, पण नातं सिद्ध व्हायला मदत होते.

आणि खरी गाठ नात्याचीच असते. अर्जदारापासून त्या पूर्वजापर्यंत एकही कडी सुटलेली चालत नाही. नातीचा जन्मदाखला तिच्या बापाचं नाव सांगतो, बापाचा जन्मदाखला आजोबांचं, आणि आजोबांचा कागद ते कोल्हापूरचे असल्याचं. तिन्ही ठिकाणी नाव जुळलं पाहिजे. आपल्याकडे ते कधी जुळत नाही. रजिस्टरात 'पोवार', तिकडं स्पेलिंग 'पवार'चं. शाळेत 'तुका', पासपोर्टात 'तुकाराम', आणि बापाचं नाव कधी मधे, कधी गायब. अशा वेळी 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र जवळच्या वडीलधाऱ्या नातेवाईकानं नोटरीसमोर करून द्यायचं. हयात माणसाचं नाव खरंच बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी उत्तम.

धागा आजीकडून नेणार असाल तर माहेरचं आणि सासरचं नाव जोडणारा कागद लागतो, म्हणजे लग्नाचा दाखला. जुन्या लग्नांची नोंद नसते आणि लग्नपत्रिका हा दाखला नव्हे. दोघंही हयात असतील तर राज्याच्या १९९८ च्या कायद्याखाली उशिरानंही विवाहनोंदणी करून मिळते. नसतील तर आजोबांकडचा रस्ता धरा, वेळ वाचेल.

मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्या आणि मूळ कागद कुरिअरनं पाठवण्याआधी स्कॅन करून ठेवा. माझ्याकडून एक पाकीट महिनाभर वाटेत हरवलं होतं. मिळालं, पण तेवढे दिवस झोप नव्हती.

अर्ज

अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर: ओसीआयसर्व्हिसेस डॉट जीओव्ही डॉट इन. नावाशी मिळतीजुळती खासगी संकेतस्थळं जास्तीचे पैसे घेतात. भाग अ आणि भाग ब असे दोन टप्पे भरायचे, फोटो, सही आणि कागद चढवायचे, मग छापील अर्ज सही करून राहत्या देशातल्या भारतीय वकिलातीकडे किंवा तिनं नेमलेल्या केंद्राकडे द्यायचा. ब्रिटनमध्ये हे काम व्हीएफएस ग्लोबल ही खासगी कंपनी बघते. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. फोटो चौकोनी, ५१ मिलिमीटर बाय ५१ मिलिमीटर, आणि पार्श्वभूमी फिकट पण पांढरी नको. पासपोर्टचा पांढऱ्या पडद्याचा फोटो इथं परत येतो. अल्पवयीन मुलासाठी आईवडील दोघांच्या सह्या. अर्जदार स्वतः पूर्वी भारतीय नागरिक असेल तर भारतीय पासपोर्ट परत केल्याचं सरेंडर सर्टिफिकेटही लागतं.

फी परदेशातून २७५ अमेरिकी डॉलर किंवा तेवढं स्थानिक चलन, शिवाय केंद्राचं सेवाशुल्क. भारतात अर्ज केला तर १५,००० रुपये.

हा भारतातला आकडा वाचून लोक हिशेब करतात: टुरिस्ट व्हिसावर यायचं आणि इथंच स्वस्तात काढून टाकायचं. असं होत नाही. टुरिस्ट व्हिसावर आलेल्याला भारतात ओसीआयचा अर्ज करता येत नाही. इथं अर्ज करायला योग्य व्हिसावर सलग सहा महिने राहिलेलं असावं लागतं आणि आपल्याकडून तो मुंबईच्या एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या विभागीय नोंदणी कार्यालयाकडे जातो.

तिकीट काढायच्या आधी तीन महिने तरी अर्ज गेलेला असावा, आणि कागद गोळा करायला त्याआधी आणखी तीन. गणपतीत किंवा नवरात्रात अंबाबाईला यायचं असेल तर उन्हाळ्यातच इकडं शोध सुरू करा. तेवढा वेळ नसेल तर या खेपेला ई-टुरिस्ट व्हिसावर या. तो ३० दिवसांचा, एक वर्षाचा आणि पाच वर्षांचा असतो, आणि प्रवासाच्या किमान चार दिवस आधी अर्ज करावा लागतो. उतरायचं ठरावीक विमानतळांवर. आपल्याला मुंबई, पुणे किंवा गोवा सोयीचं. उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, परदेशातून थेट विमान येत नाही.

व्हिसावर आलेला परदेशी पाहुणा घरी उतरला तर ती माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवायची जबाबदारी यजमानाची असते. हा फॉर्म फक्त लॉजवाले भरतात असा समज आहे, तो खोटा. अडलं तर जिल्हा पोलिसांच्या परदेशी नागरिक नोंदणी कक्षात विचारा.

कार्ड हातात आल्यावर घरात निघणारा प्रश्न शेवटी घेतो, कारण आमच्याकडे तो चहाबरोबरच निघाला: आता ही शेतात वाटा मागणार का? ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली ठेवता येते. आमच्या पुतणीला उसात रस नाही. तिला दाजीपूर बघायचं होतं, आणि राधानगरी अभयारण्याच्या गेटवर कार्ड दाखवल्यावर तिकीट आपल्याच दराचं लागलं.