पेज लेआउटमधून मॅप केलेले फील्ड काढणे

ग्राहक डेटा प्लॅटफॉर्मशी, म्हणजेच ग्राहकांची विविध ठिकाणची माहिती एकत्र आणणाऱ्या सीडीपी या प्रणालीशी, जोडलेले एखादे फील्ड (माहितीचा रकाना) कर्मचाऱ्यांना दिसणाऱ्या नोंदीच्या पानावरून हटवण्याची ही प्रशासकीय क्रिया आहे. सीडीपी ही संज्ञा विपणन-तंत्रज्ञानाचे सल्लागार डेव्हिड राब यांनी २०१३ मध्ये रूढ केली. या प्रकारातील सेल्सफोर्स या ग्राहक-व्यवस्थापन सॉफ्टवेअर कंपनीचे उत्पादन कस्टमर ३६० ऑडियन्सेस, सेल्सफोर्स सीडीपी, जिनी आणि डेटा क्लाउड अशी नावे बदलत आले असल्याने जुन्या मार्गदर्शिका वाचताना गोंधळ उडतो. मूळ रचना मात्र फारशी बदललेली नाही.

सेल्सफोर्समध्ये लेआउट आणि मॅपिंग हे दोन स्वतंत्र थर आहेत. कोणते फील्ड पानावर कुठे दिसावे एवढेच लेआउट ठरवतो, तर स्रोताकडून आलेला कोणता रकाना प्रमाणित डेटा मॉडेलमधील कोणत्या फील्डमध्ये जावा हे मॅपिंग ठरवते. सेटअपमधील ऑब्जेक्ट मॅनेजरमध्ये (नोंदींच्या प्रकारांची मांडणी ठरवण्याच्या जागी) संबंधित लेआउट उघडून फील्ड वरच्या पट्टीत ओढून टाकले आणि बदल जतन केला, की काम संपते. पट्टीत करडे दिसणारे त्याचे नाव पुन्हा वापरासाठी मोकळे होते. मात्र व्याख्येतच अनिवार्य ठरवलेले फील्ड अशा रीतीने काढता येत नाही. शिवाय पानावर डायनॅमिक फॉर्म्स, म्हणजे लेआउटऐवजी थेट पानावर फील्ड मांडण्याची सोय, वापरले असतील, तर तेथील फील्ड लाइटनिंग ॲप बिल्डर या पान रचण्याच्या साधनातून वेगळे काढावे लागते, आणि लेआउट बदलूनही फील्ड जागचे हलत नाही अशी तक्रार बहुधा यातूनच उद्भवते.

फील्ड दिसेनासे झाले तरी त्यातील डेटा शाबूत राहतो, एपीआयद्वारे, म्हणजे इतर प्रणालींशी जोडणाऱ्या दुव्यातून, तो भरला जात राहतो आणि अहवालांतही येतो. लीडचे (संभाव्य ग्राहकाच्या नोंदीचे) रूपांतर करताना लेआउटवर नसलेले पण मॅप केलेले फील्डही संपर्काच्या नोंदीत उतरते. त्यामुळे संवेदनशील माहिती झाकण्यासाठी लेआउटवर विसंबणे धोक्याचे असून त्यासाठी कोणाला कोणते फील्ड दिसावे हे ठरवणारी फील्ड-स्तरीय सुरक्षाच वापरावी लागते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने व्यक्तीला दिलेला माहिती पुसून घेण्याचा हक्कही फील्ड नुसते पानावरून हटवल्याने पूर्ण होत नाही.

मॅपिंग तोडणे अधिक जोखमीचे असते, कारण सेगमेंट (ग्राहकांचे गट), गणना करून काढलेले निर्देशांक किंवा ओळख जुळवण्याचे नियम त्याच फील्डवर उभे असू शकतात. म्हणून ही अवलंबित्वे आधी सोडवावी लागतात. फील्डच हटवायचे ठरले, तर सानुकूल फील्ड १५ दिवस हटवलेल्या फील्डच्या यादीत राहते व तेवढ्या मुदतीत परत आणता येते, परंतु लेआउटवर ते आपोआप परतत नाही.