स्विमिंग पूल घात करतो तो वजनाने नाही, उताराने

अमेरिकेत उन्हाळा आला की बॅकयार्डात पत्र्याच्या भिंतीचा गोल स्विमिंग पूल उभा करायचं खूळ लागतं, तिकडची आपली मंडळीही त्यात आलीच. २४ फुटी पुलात ४ फूट पाणी म्हणजे साधारण ५१ हजार लिटर, ५१ टन! ऐकूनच वाटतं जमीन खचणार. पण हिशोब मांडला तर चौरस सेंटीमीटरला जेमतेम १२० ग्रॅम भार येतो, आपण नुसते दोन पायांवर उभे राहिलो तरी याहून जास्त पडतो.

खरी गोम उतारात आहे. समजा या टोकापासून त्या टोकापर्यंत जमीन ६ इंच उतरलीय, म्हणजे सव्वा अंशसुद्धा नाही, डोळ्याला दिसणारही नाही. पण पाण्याला दिसतं ना, ते वरून सपाटच राहणार, मग वरच्या अंगाला ४ फूट तर खालच्या अंगाला साडेचार, आणि भिंतीवरचा रेटा खोलीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे त्या बाजूला थेट सव्वापट. त्यात पत्र्याचा तो पट्टा आधीच ढोबळ हिशोबाने अडीच टनांहून जास्त ताण झेलत असतो, त्यामुळे पूल उताराकडे सरकायला लागला की तो सावरणं कुणाच्या हातात नाही.

म्हणून फरक इंचभराच्या आत ठेवतात. आणि इथे बहुतेकांना मोह होतो तो खोलगट बाजूला माती टाकायचा, सोपं पडतं ना! पण नवी माती कितीही चोपली तरी तिच्यात हवा राहते, भिजली की बसते, तीही एकसारखी नाही. त्यामुळे उंच बाजूच खणून खाली आणायची, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही. खणायच्या आधी तिकडच्या ८११ नंबरला फोन, फुकट आहे, जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइन कुठून गेल्यात ते येऊन खुणा करून देतात.

लेव्हल बघायला लेझर हवाच असं नाही, आपला गवंडी वापरतो तो पारदर्शक पाइप पाणी भरून घेतला तरी दोन्ही टोकांचं पाणी एका उंचीवर येतंच, फक्त आत बुडबुडा राहू द्यायचा नाही.

गवत मात्र मुळासकट काढायचं, खाली कुजलं तर पोकळी होते. आणि लव्हाळा असेल तर जास्तच जपा, आपल्याकडे शेतकरी ज्या नागरमोथ्याला वैतागतात तोच हा, वर दोन इंच वाळू टाकली तरी याचा कोंब पुलाच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर (लायनर) भोकसून वर येतो.