बीपीची गोळी किडनीसाठी कशी काय आली

आपल्याकडे जळगाव-भुसावळ साइडला शुगरच्या पेशंटला रामिप्रिल नाहीतर टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी किडनी जपायला लिहून दिली की घरात पहिला प्रश्न, "आप्पा, तुमचं बीपी तर आता नॉर्मल आलंय, मग ही कशाला?" आणि महिन्याभरात गोळी बंद.

ती का देतात हे कळायला बरंच मागं जावं लागतं. १९३६ ला किमेलस्टील आणि विल्सन यांनी शुगरच्या पेशंटच्या किडनीतल्या चाळणीत गाठी दाखवल्या, पण त्या पोस्टमॉर्टेममध्ये, म्हणजे माणूस गेल्यावर, काय उपयोग. १९६३ मध्ये लंडनला कीन आणि क्लोव्हेराकिस यांनी लघवीतून जाणारं अगदी थोडं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) मोजायची पद्धत काढली, जे साध्या पट्टीवर दिसतच नव्हतं, आणि मग १९८२-८४ च्या आसपास विबर्टी, मोगेनसन यांच्या कामातून कळलं की हे थोडं थोडं जाणारंच पुढच्या धोक्याची खूण आहे. आजची युरीन एसीआर टेस्ट (लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण) म्हणजे तेच, ३० ते ३०० एमजी/ग्रॅम आलं तर सुरुवातीचं डॅमेज. आपल्याकडे मात्र अजून रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) नॉर्मल आलं की सगळे खुश, आणि ते वाढेपर्यंत किडनीचं निम्मं काम गेलेलं असू शकतं राव!

गोळीचं मूळ ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषात आहे, त्यावरच्या अभ्यासातून रामिप्रिलच्याच कुळातली कॅप्टोप्रिल आली, १९८१ ला अमेरिकेत बीपीसाठी पास झाली. १९९३ मध्ये टाइप वनच्या ४०९ पेशंटवरच्या ट्रायलमध्ये मृत्यू, डायलिसिस, ट्रान्सप्लांट मिळून धोका निम्म्यावर आला, आणि तो नुसता बीपी उतरल्यामुळे नव्हता. चाळणीतून रक्त बाहेर नेणारी नळी सैल पडते, आतलं प्रेशर कमी होतं, म्हणून. २००१ मध्ये सुरुवातीच्या डॅमेजवाल्या टाइप टू लोकांना टेल्मिसार्टनच्या कुळातली इर्बेसार्टन दिली, दोन वर्षांत नुसती दिखाऊ, बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांपैकी शंभरात १५ जणांचं डॅमेज पुढं सरकलं, ३०० एमजीवाल्यांत फक्त पाचेक.

२०१९ नंतर ग्लिफ्लोझिनवाल्या शुगरच्या गोळ्या किडनीसाठीही वापरात आल्या, त्यांचा पूर्वज सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ ला काढलेला फ्लोरिझिन. २०२० मध्ये भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि भाव धाडकन खाली आले.

आता रावेर-यावलचा नेहमीचा वाद, केळी खायची का नाही. या बीपीच्या गोळ्यांनी पोटॅशियम वाढू शकतं म्हणून सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांनी पोटॅशियम-क्रिएटिनिन बघतात, ते ठीक असेल तर किडनीसाठी केळी बंद करायची गरज नसते, शुगरचा हिशोब वेगळा. त्यापेक्षा घड उचलून कंबर धरली की मेडिकलवरून आणलेली डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी बंद करा, ती किडनीला जास्त भोवते.