किशोरवयीन व्यसने, वर्तनसमस्या आणि शालेय संपादणूक

तंबाखू, मद्य, गांजा यांचे सेवन, शाळा बुडविणे, मारामारी वा चोरी आणि अभ्यासातील पीछेहाट या गोष्टी किशोरवयात पुष्कळदा एकत्र आढळतात. या सहसंबंधाविषयी वाद नाही. वाद आहे तो कारण कोणते आणि परिणाम कोणता, याविषयी.

रिचर्ड व शर्ली जेसर यांच्या समस्यावर्तन सिद्धांतानुसार (१९७७) व्यसन, गैरवर्तन व शिक्षणाबद्दलची अनास्था यांचे मूळ बव्हंशी समान असते. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये किशोरवयापुरते मर्यादित गैरवर्तन आणि बालपणापासून टिकून राहणारे गैरवर्तन असा भेद केला. वाचनातील व भाषेतील जुनी उणीव प्रामुख्याने दुसऱ्या गटात दिसते. स्टीफन हिनशॉ यांच्या आढाव्यानुसार (१९९२) लहान वयात अभ्यासातील अपयशाचा संबंध आक्रमकतेपेक्षा अवधानाच्या अभावाशी व अतिचंचलतेशी अधिक असतो. समाजविरोधी वर्तनाशी तो पुढे किशोरवयात जोडला जातो.

सर्वाधिक चर्चा गांजाविषयी झाली. न्यूझीलंडमधील डनीडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांच्या दीर्घकालीन पाहणीत, किशोरवयात सुरू होऊन पुढे टिकलेल्या सेवनामुळे वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत बुद्ध्यंक सुमारे ८ अंकांपर्यंत घटतो, असा निष्कर्ष २०१२ मध्ये निघाला. ही घट सामाजिक-आर्थिक स्थितीतील फरकांमुळेही भासू शकते, असा आक्षेप ओले रोगेबर्ग यांनी लगेच घेतला. जुळ्यांच्या २०१६ मधील अभ्यासात गांजा घेणाऱ्या भावंडाची घट न घेणाऱ्यापेक्षा लक्षणीय अधिक नव्हती. कौटुंबिक पार्श्वभूमीकडे बोट दाखविणारा हा पुरावा अधिक वजनदार वाटतो. अर्थात सेवन निरुपद्रवी आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. नशेत वा झोपेअभावी वर्गातील लक्ष उडते आणि गैरहजेरी वाढते. त्यासाठी बुद्ध्यंक घटण्याची गरज नाही.

अमेरिकेतील आठवीच्या विद्यार्थ्यांचा तरुणपणापर्यंत मागोवा घेणाऱ्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांना शालेय अपयशाचा व्यसनांवरील प्रभाव उलट दिशेच्या प्रभावाहून अधिक आढळला. तेथे अपयश बहुधा आधी येते. बॉल्टिमोर येथे १९८० च्या दशकात पहिली-दुसरीच्या वर्गांत गटाच्या चांगल्या वर्तनाला बक्षीस देणारा खेळ राबविण्यात आला. त्यात सहभागी झालेल्या, विशेषतः सुरुवातीस आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये तरुणपणी अमली पदार्थांसंबंधीचे विकार कमी आढळले. मुलींमध्ये मात्र असा परिणाम स्पष्ट दिसला नाही.