बुद्धिबळाचा प्रोग्राम घड्याळ पाहायला कसा शिकला

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी बुद्धिबळाचा प्रोग्राम घेणारी बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं बहुधा एकाच जागी अडतात. चाल शोधता येते. शोध कुठे थांबवायचा ते कळत नाही. हा पेच जुनाच आहे.

१९५० च्या लेखात गणितज्ञ क्लॉड शॅनननं दोन वाटा मांडल्या: सगळ्या चाली ठरावीक खोलीपर्यंत तपासायच्या, नाहीतर निवडक चालीच खोलवर पाहायच्या. अ‍ॅलेक्स बर्नस्टाईननं आयबीएम ७०४ या संगणकावर दुसरी वाट धरली. प्रत्येक स्थितीत फक्त ७ चाली, ४ पायऱ्या खोल (एक पायरी म्हणजे एका खेळाडूची एक चाल). तरी एका चालीला सुमारे ८ मिनिटं लागत. १९६७ मध्ये मॅक हॅक हा प्रोग्राम माणसांच्या स्पर्धेत उतरला आणि घड्याळाशी खरी गाठ पडली. खोली कायम ठेवली तर वजीर-हत्ती पटावर असताना वेळ संपतो, आणि प्याद्यांच्या अंतिम डावात शिल्लक वेळ वाया जातो.

तोड निघाली ती टप्प्याटप्प्यानं खोल जाण्याची: आधी १ पायरी, मग २, मग ३. वेळ संपला की शेवटच्या पूर्ण फेरीतली चाल खेळायची. डेव्हिड स्लेट आणि लॅरी अ‍ॅटकिन यांच्या ‘चेस ४.५’ या प्रोग्रामनं सत्तरच्या दशकात ही रीत रुजवली. तेच काम पुन्हापुन्हा करणं वरवर उधळपट्टी वाटते, पण खरी गंमत इथेच आहे. प्रत्येक स्थितीत सरासरी ३५ चाली धरल्या तर ६ पायऱ्यांत सुमारे १८४ कोटी स्थिती होतात. आधीच्या चालीपेक्षा सरस ठरूच न शकणाऱ्या फांद्या न तपासता सोडायच्या, ही अल्फा-बीटा छाटणी. तीत सगळीकडे उत्तम चाल आधी तपासली गेली, तर त्या ८६ हजारांच्या आत येतात. प्रत्यक्षात इतका नेमका क्रम कधीच लागत नाही; पण मागच्या फेरीतली सरस चाल पुढच्या फेरीत आधी घेतली की छाटणी जोरात होते. वेळ पाळण्यासाठी केलेली सोय अशी चालींच्या निवडीलाच उपयोगी पडली. फेरी अर्धवट तुटली तरी ती चाल आधीच तपासून झालेली असते.

वेळेच्या वाटणीवर रॉबर्ट हायटचा लेख १९८४ चा. नेहमीच्या चालीला उरलेल्या वेळेचा बेताचा वाटा द्यायचा. फेरीत चालीचे गुण (प्रोग्रामनं केलेलं तिचं मोल) अचानक घसरले तर जास्त वेळ द्यायचा. एकच कायदेशीर चाल असेल तर विचार कशाला?

प्रत्येक स्थितीला घड्याळ पाहणंही महाग पडतं, म्हणून हजारेक स्थितींनंतर एकदा पाहतात. स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्राममध्ये तर चाल पोचायला लागणाऱ्या विलंबासाठी काही मिलिसेकंद राखून ठेवायची वेगळी सेटिंग आहे. जिथे नेट अडखळतं, तिथून ऑनलाइन डाव चालवणाऱ्यानं ती आधी वाढवावी.