कॉक ओ व्हँ आणि पूले शासर : फरक वाइनचा कमी, कोंबडीचा जास्त

थंडी पडली की फ्रेंच चिकनची ही दोन नावं हमखास पुढे येतात, आणि साहित्याची यादी वाचली तर दोन्हींत जवळपास तेच: कोंबडी, मश्रूम, लोणी, वाइन. मग कुणीतरी सोपं करून सांगतं, लाल वाइन घातली की कॉक ओ व्हँ, पांढरी घातली की पूले शासर. हे काही खरं नाही. फ्रान्सच्या आल्झास भागात रिझलिंग या पांढऱ्या वाइनमध्ये शिजवून वरून क्रीम घालतात, ज्युरा भागात तिथली पिवळी वाइन आणि मोरेल मश्रूम वापरतात, आणि ही दोन्ही कॉक ओ व्हँचीच भावंडं. रंगावर जाऊ नये. पातेल्यात पडणारी कोंबडी जून की कोवळी, एवढं बघावं.

कॉक ओ व्हँ ही जून कोंबड्याची सोय. त्याचं मांस चिवट, पण त्यात कोलॅजेन, म्हणजे मांस चिवट करणारं प्रथिन, भरपूर. मंद आचेवर दोन-अडीच तास ठेवलं की त्याचं जिलेटिन होतं, मांस हाडापासून सुटतं आणि रस ओठांना चिकटेल इतका दाट होतो. गावठी कोंबड्याचा रस्सा ज्यांनी ओरपलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या पद्धतीत तुकडे रात्रभर लाल वाइनमध्ये गाजर, कांदा, थाईम आणि तमालपत्र घालून मुरवतात. दुसऱ्या दिवशी ते निथळून अगदी कोरडे पुसायचे आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाला सुटलेल्या चरबीत खरपूस परतायचे. इथे घाई करू नये. ओले तुकडे टाकले तर परतले न जाता वाफवले जातात, आणि वाइनने जांभळट पडलेलं मांस तसंच राहतं. दिसायलाही नको वाटतं. छोटे अख्खे कांदे आणि मश्रूम वेगळे लोण्यात परतून शेवटी घालतात. काम कंटाळवाणं आहे खरं, पण सुरुवातीपासून सोबत शिजवले तर कांद्यांचा लगदा होतो. पूर्वी रस दाट करायला कोंबड्याचंच रक्त घालत. आता बहुतेक घरी लोणी आणि मैदा समप्रमाणात मळून त्याच्या बारीक गोळ्या उकळत्या रसात सोडतात.

पूले शासर हा मुळात झटपट परतायचा प्रकार, कोवळ्या कोंबडीचा. तुकडे लोणी-तेलात परतून बाजूला काढायचे, त्याच भांड्यात मश्रूम आणि बारीक चिरलेले शॅलॉट (छोटे, सौम्य कांदे) टाकायचे, पेलाभर पांढरी वाइन ओतून तळाला धरलेलं खरपूस खरवडून घ्यायचं. वाइन निम्मी आटली की टोमॅटो आणि घट्ट स्टॉक (हाडं उकळून काढलेला रस), मग चिकन परत आत, वीस-पंचवीस मिनिटं. वरून टॅरॅगॉन, बडीशेपेच्या वळणाच्या वासाचा पाला. टोमॅटो आणि टॅरॅगॉन या शासरच्या खुणा. बर्गंडीच्या पातेल्यात टॅरॅगॉन नसतो आणि टोमॅटो असलाच तर चमचाभर.

आपल्याकडे दुकानात मिळतो तो साधारण सहा आठवड्यांचा ब्रॉयलर. त्याला दोन तास वाइनमध्ये ठेवलं तर छातीच्या मांसाचा भुगा होतो, रसही पातळच राहतो. ब्रॉयलर असेल तर सरळ शासर करावं, असं माझं स्पष्ट मत. कॉक ओ व्हँच खायचं असेल तर फक्त तंगड्या घ्या, पाऊण तास पुरे. पण वाइन आधी वेगळी उकळून निम्मी आटवा. एवढ्या वेळात तिचा कच्चेपणा जात नाही. गावठी कोंबडा मिळाला तर मात्र जुनीच पद्धत. बर्गंडीची पिनो न्वार ही लाल वाइन महाग पडते, नाशिकची लाल शिराझ खुशाल वापरा. भांडं जाड बुडाचं, पण ॲल्युमिनियमचं नको, वाइनच्या आंबटपणाने चव बिघडते. आणि कितीही उकळलं तरी अल्कोहोल पूर्ण उडत नाही, तेव्हा न घेणारा पाहुणा असेल तर त्याला आधी सांगावं.

कॉक ओ व्हँ आदल्या दिवशी करून ठेवलं तर अधिकच मुरतं. वर साचलेली चरबीही गार झाल्यावर सहज काढता येते. सोबत उकडलेले बटाटे किंवा रुंद नूडल्स. शासर मात्र गॅसवरून थेट ताटात वाढावं, टॅरॅगॉनचा वास पुन्हा गरम केल्यावर टिकत नाही.