गोवा : किनाऱ्यामागचा नकाशा

गोव्यात चर्च कुठे जास्त आणि देवळे कुठे, हे ठरवले ते जुन्या सरहद्दींनी. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्कने आदिलशाहीकडून तिसवाडी घेतली. १५४३ मध्ये बारदेश आणि सासष्टीही पोर्तुगीजांकडे गेले. ही जुनी काबिजाद, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख. इथली देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी देव उचलले आणि नदीपलीकडे, पोर्तुगीज अमलाबाहेर नेले. कुशस्थळीचा मंगेश फोंड्यातल्या प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा तिथल्याच कवळ्याला. गोव्याचे जुने राजे कदंब, त्यांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर दिवाडीहून नार्व्याला आले. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी ही नवी काबिजाद पोर्तुगीजांच्या हाती लागली ती थेट अठराव्या शतकात. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, म्हणून फोंड्याची देवळे टिकली.

पोर्तुगीजांची राजधानी जुने गोवे मात्र साथींनी ओस पडली. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. मागे राहिली ती चर्च. सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव असलेले बाँ जेजूस तिथलेच. १९८६ पासून ही वास्तू जागतिक वारशात आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पण पुढचा प्रश्न मराठी माणसाच्या जास्त जिव्हाळ्याचा होता : महाराष्ट्रात जायचे की वेगळे राहायचे? मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणाचे पुरस्कर्ते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाची निशाणी फूल होती, वेगळेपणाची दोन पाने. पाने ३४ हजारांवर मतांनी जिंकली. आपल्याकडे हे फारसे सांगितले जात नाही. त्यानंतरही घटक राज्याचा दर्जा मिळायला वीस वर्षे गेली. १९८७ मध्ये कोंकणी राजभाषा झाली, सरकारी कामकाजात मराठीलाही जागा मिळाली आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा देशाचे पंचविसावे राज्य बनले.

राज्याच्या बोधचिन्हात वृक्षदीप आहे, राज्यप्राणी गवा. गवा दिसण्याची आशा धरायची तर मोलेच्या जंगलात जावे. त्याच भागात तांबडी सुर्ल येथे काळ्या बसाल्टचे कदंबकालीन महादेवाचे देऊळ आहे. माझ्या मते गोव्यातली सर्वांत देखणी वास्तू हीच.

नारळाची कथा मात्र गमतीची. २०१६ मध्ये सरकारने कायद्यात दुरुस्ती करून माडाला झाडांच्या यादीतून वगळले, म्हणजे तो तोडायला परवानगी नको. लोक संतापले. २०१७ मध्ये नव्या सरकारने तो निर्णय फिरवला आणि माडाला थेट राज्यवृक्ष करून टाकले.